सोनलच्या खाकी जाकिटाचा माग

जुने कपडे घ्यायला मी नंदुरबारला निघालेय, असं सांगितलं की पुण्यातले लोक हसतात. "अगं, लक्ष्मी रोडला काय कमी चिंध्या मिळतात?" आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं. त्यांना काय सांगणार? मी जुन्या कपड्यांतून नवे कपडे करते. आजोबांच्या धोतराचे स्कर्ट, जुन्या पडद्यांचे झगे, दोन-तीन शर्ट फाडून त्यांचं एक जाकीट. कॉलेजातली पोरंपोरी ते हौसेनं घालतात आणि त्यांच्या आया मला शिव्या घालतात. माझी आई कोल्हापुरात बसून अजूनही नातेवाइकांना सांगते, की मुलगी 'कापडाच्या लाइनीत' आहे.

हा उद्योग मला सोनलनं लावला. सोनल पाटील, नंदुरबारजवळच्या कोरीटची. पुण्यात आम्ही एका खोलीत राहायचो, एकाच मशीनवर शिवायचो आणि कुठला टाका कुठे घालायचा यावरून रोज भांडायचो. जुना कपडा कसा निवडायचा हे तिनंच मला शिकवलं. काखेत हात घालून बघायचं, तिथलं सूत विरलं असेल तर पुढे व्हायचं. कापड उन्हाकडे धरायचं. रंग उडाला असेल तर चालेल, जीव उडालेला नको. आणि बटणं नेहमी मोजून घ्यायची, कारण बटणं कपड्यापेक्षा महाग.

श्रावणात कानबाईच्या सणाला म्हणून ती घरी गेली. खानदेशात कानबाईला पोरगी घरी नसली तर घरचे वर्षभर ऐकवतात. तिकडे ताप आला, तो डोक्यात गेला, आणि सोनल परत आलीच नाही. फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पुढे किती दिवस मी मशीनचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

जाताना तिनं एक जाकीट बरोबर नेलं होतं. तिचे वडील पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात होते. ती शाळेत असतानाच ते गेले. त्यांच्या खाकी वर्दीचा शर्ट तिनं जपून ठेवला होता आणि त्याचंच जाकीट आम्ही दोघींनी केलं होतं. एक बाही माझी, एक तिची. कोपरावर मुद्दाम फाडलेलं, कॉलरला सेफ्टी पिनांची रांग, आणि ठिकठिकाणी तिचे ते लाल दोऱ्याचे मोठाले, वाकडे टाके. कॉलर तेवढी पुरी करायची राहिली होती. खोलीतलं तिचं बाकीचं सामान तिचा भाऊ येऊन घेऊन गेला, मी तेव्हा कामावर होते. माझ्याकडे तिचं काहीही उरलं नाही. ते जाकीट मला हवं होतं, एवढ्यासाठी मी हिवाळ्यात नंदुरबार गाठलं. कपड्यांची खरेदी हे लोकांना सांगायचं कारण.

कोरीट

सकाळी नंदुरबार स्टेशनात उतरले तर हुडहुडी भरली. खानदेश म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात घेऊन मी एक पातळ ओढणी आणली होती. शहाणपण तेवढंच. स्टेशनबाहेर गरम पोहे, वर शेव आणि शेजारी जिलबी. गुजरात इथून हाकेवर आहे हे पहिल्या घासालाच कळलं.

कोरीटच्या रस्त्याला दोन्हीकडे पपईच्या बागा, कापूस, मधूनच केळी. काळी, भुसभुशीत जमीन. सोनल म्हणायची, आमच्या मातीत बोट रोवलं तर बोटाला पानं फुटतील. मला वाटायचं बढाया मारते.

तिची आई, मंगलाकाकू, ओट्यावर धान्य निवडत होत्या. मला त्यांनी फोटोत पाहिलेलं. उठल्या, जवळ आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग एकदम म्हणाल्या, "बठ वं पोरी. पाणी पे. भाकर टाकस."

मी रडायचं नाही असं ठरवून आले होते. ते ओट्यावरच संपलं.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. मी कोल्हापूरची, तिखटाचा माज आमच्या रक्तातच. ठेच्याचा मोठा घास घेतला आणि कानातून वाफा आल्या. काकू पहिल्यांदा हसल्या. "सोनल सांगे, तू लई तिखट खास म्हनीसन." मी म्हटलं, "काकू, ती काहीही सांगायची."

जेवण झाल्यावर मी धीर करून जाकिटाचं विचारलं. काकूंचा चेहरा उतरला.

"नही शे वं आते. सगळं दि टाकं मी."

दहाव्याला प्रकाशा गावी तापीच्या काठी सोनलचे सगळे कपडे त्यांनी घाटावरच्या एका म्हातारीला देऊन टाकले होते. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. आमच्याकडेही ठेवत नाहीत. पण आमच्याकडे निदान एखादी साडी कुणीतरी चोरून ठेवतं. मी मनात म्हटलं, एक शर्ट ठेवला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"मी उद्या प्रकाशाला जाऊन बघते," मी म्हटलं.

काकूंनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "मी बी येस."

प्रकाशा

प्रकाशाला लोक काशीचा मान देतात. बंधाऱ्यामुळे तापीचं पाणी तुंबून तलावासारखं पसरलेलं आणि काठावर देवळंच देवळं. कुणी सत्यनारायण करून आलेलं, कुणी अस्थी घेऊन आलेलं, आणि दोघांना चहा देणारा टपरीवाला एकच. एक पोरगी देवळाच्या पायरीवर बसून केळं खात होती आणि साल माकडांपासून लपवत होती. सोनल असती तर तिथेच बसकण मारली असती.

ती म्हातारी सापडायला वेळ लागला नाही. सखूबाई. घाटाच्या कडेला रोजच बसते, काकूंना तिनं लगेच ओळखलं.

मी तिला जाकीट नीट वर्णन करून सांगितलं. खाकी, कोपरावर फाटलेलं, कॉलरला पिना, लाल दोरा.

सखूबाईनं मान हलवली. "आसं काही नव्हतं माय. फाटेल कपडा आठे कोनी देस नही."

"अहो, असं कसं? नीट आठवा. फाटकंच होतं ते. तसंच करायचं असतं ते." माझा आवाज चढला होता. बाजूचे दोन यात्रेकरू बघायला लागले.

तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "तसा नव्हता तो. मी शिवीसन दिधा."

मला कळेचना.

"मरेल मानूसना नाववर फाटेल कपडा देतस नही," काकू म्हणाल्या. "आठे जे देतस ते वर त्याले भेटस. मन्ही आंडेरले, मन्ही पोरले, मी फाटेल कपडा कशी धाडू? पिना काढ्यात, लाल दोरा उसवा, खाकी दोरा आना आन् बठी-बठी सगळं रफू करं."

असं म्हणून त्यांनी पदराखालचा हात पुढे केला. काचेच्या बांगड्यांना सेफ्टी पिनांचा झुबका लटकलेला. आपल्याकडच्या बायका अडीअडचणीला बांगडीत पिना अडकवतात, तसाच. फक्त या पिना काळ्या पडलेल्या होत्या. आम्ही दोघींनीच त्या मुद्दाम मेणबत्तीवर धरून काळ्या केल्या होत्या.

मी घाटाच्या पायरीवर बसले. आम्ही एवढ्या हौसेनं, भांडून, डोकं लावून फाडलेलं जाकीट त्या माउलीनं टाक्या-टाक्यानं पुन्हा शर्ट करून टाकलं होतं. लेकीला वर लाज वाटू नये म्हणून. मला एकाच वेळी हसायला आणि ओरडायला येत होतं. शेवटी रडूच आलं. मी या वर-बिरच्या गोष्टी मानत नाही, पण ते तिथे त्यांना सांगण्याची छाती माझ्यात नव्हती.

"तिले बोलनी व्हती मी," काकू पाण्याकडे बघत म्हणाल्या. "बापना शर्ट फाडस, लाज नही वाटस का म्हनीसन. ती नुस्ती हासनी."

सखूबाईनं मध्येच सांगितलं, की दान आलेले कपडे घाटावरच्या बायांकडे राहत नाहीत. अंगाला बसतील ते घालायचे, उरलेले नंदुरबारच्या नसीमबीला द्यायचे. ती गाठोडी उचलून बाजारात मांडते. खाकी शर्ट होता का त्यात? होता. चांगला होता. धडधाकट होता.

धडधाकट हा शब्द ऐकून काकूंनी डोळे पुसले. त्यांना तो बरा वाटला असावा.

येताना माझ्या पिशवीचा बंद तुटला आणि घाटावर घेतलेले पेरू रस्ताभर पळाले. काकू आणि मी दोघी ते गोळा करत सुटलो. पुढे एसटीत आम्ही त्यातलेच दोन पेरू खाल्ले.

नंदुरबारचा बाजार

आता ज्यांना खरंच जुने कपडे घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. नंदुरबारचा आठवडी बाजार मला पुण्यामुंबईच्या बाजारांपेक्षा उजवा वाटला. सुरत जवळ, त्यामुळे तिथल्या साड्यांचे कटपीस आणि लेसांचे तुकडे ढिगानं येतात. ताडपत्रीवर कपड्यांचा डोंगर असतो, त्यात कमरेपर्यंत घुसायचं. आरशांचं काम केलेले जुने घागरे, मळलेली पण अस्सल सुती धोतरं, शाळेचे गणवेश, लग्नातल्या बँडवाल्यांचे सोनेरी झालरीचे कोट. एक लाल कोट तर असा मिळाला, की त्यावर दुसरं काही करायचीच गरज नव्हती. सगळं चहाच्या भावात. भाव करताना मराठी पाजळू नका, अहिराणीत नुसतं "कितलं?" म्हटलं तरी समोरचा मऊ येतो. सकाळी लवकर जा, आणि पिशवीचा बंद आधी तपासा.

बाजाराच्या दिवशी काकूही बरोबर आल्या होत्या. मी हे सगळं घेत होते, पण हात नुसता सवयीनं चालत होता. बँडवाल्याचा कोट वर धरला आणि तोंडातून निघून गेलं, "सोनल, हे बघ." शेजारी काकू उभ्या होत्या. त्यांनी तो कोट माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

नसीमबीची ताडपत्री मशिदीकडच्या कोपऱ्यावर. जाडजूड, पानानं ओठ रंगलेले, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. लोक तिला नसीमखाला म्हणतात. तिच्या घरचे पिढ्यान् पिढ्या हाच धंदा करत आलेत. मी खाकी शर्ट म्हटल्याबरोबर ती हसली.

"खाकी मेरे पास टिकता कहाँ है, बेटी? मिरचीवाल्या बाया आल्या आल्या उचलतात. जाड कापड, लांब बाही. हात जळत नाहीत. खाकीसाठी तर भांडणं होतात इथे."

"कुठल्या बाया? कुठे असतात?"

"पथारीवर, और कहाँ? गावाबाहेर जा, लाल दिसलं की थांब." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "किसका था?"

काकू म्हणाल्या, "मन्ही आंडेरना."

नसीमखालानं पानाची पिंक टाकायची थांबवली. मी काढून ठेवलेल्या लेसांच्या गठ्ठ्यावर तिनं न विचारता आणखी दोन गठ्ठे टाकले आणि म्हणाली, "जा, अभी जा. उन्हं उतरली की बाया घरी जातात."

पथारी

गावाबाहेर मिरच्या वाळत घालायची मोकळी मैदानं आहेत, त्यांना इथे पथारी म्हणतात. रिक्षा वळली आणि मी अवाक झाले. जमीनच दिसेना. नजर जाईल तिथवर लाल. त्या लालात शंभरेक बाया उकिडव्या बसलेल्या, कुणी देठ खुडतंय, कुणी मिरच्या उलटवतंय. सातपुड्याच्या पायथ्यापासून, डोंगरातून आलेल्या. नाकातोंडाला फडकं बांधलेलं आणि साडीवर प्रत्येकीनं पुरुषाचा शर्ट घातलेला. आमच्याकडे उसाच्या फडातल्या बायाही घालतात, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. पण त्यातले खाकी मोजायला लागले आणि माझं अवसान गळालं. वीसेक तरी असतील.

शिंका, खोकला, डोळ्यांतून धारा. मी मूर्खासारखा मिरचीचा हात डोळ्याला लावला आणि दहा मिनिटं आंधळी झाले. मुकादमानं पाणी दिलं. डोळे उघडले तेव्हा काकू माझ्याजवळ नव्हत्या.

त्या मिरच्यांच्या कडेकडेनं चालत होत्या. प्रत्येक खाकी बाईजवळ थांबायच्या, वाकायच्या, कोपराकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. बायांना वाटलं म्हातारीला भ्रम झालाय. मी मागून गेले आणि म्हटलं, "काकू, राहू द्या. आता कसं ओळखणार?"

"मन्हा टाका मी वळखसू," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाईपाशी थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच.

साधारण सोनलच्याच वयाची बाई होती. जात्रीबाई नाव. काकूंनी तिचं कोपर हातात धरलं तशी ती घाबरून उठली. "बाजारमा इकत लिधा मी. चोरेल नही!"

"नही वं माय, नही," काकू म्हणाल्या. "मन्ही पोरना व्हता. ती नही शे आते."

जात्रीबाईनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. आमच्या दोघींकडे पाहिलं. मग कुणी काही मागायच्या आत तिनं शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. "ल्या तुम्हले. ल्या."

तो क्षण मी लिहिताना टाळणार होते. माझा हात पुढे झाला होता. खरंच झाला होता. इतक्या लांब मी त्यासाठीच आले होते, आणि बदल्यात पिशवीतला बँडवाल्याचा लाल कोटसुद्धा द्यायची माझी तयारी होती. डाव्या बाहीचा खांदा माझ्या हातचा होता, तो मला दिसत होता.

काकूंनी तिचे हात धरले. "काढू नको वं बाई. दिधेल वस्त मांगे लेतस नही. सोनलना आंगवरथून काढी लिधं आसं व्हई."

माझा हात मी मागे घेतला. रडू आवरत नव्हतं, पण तिथे सगळ्यांचेच डोळे वाहत होते, कुणी विचारलं नाही.

मग काकूंना ते दिसलं. उजवं कोपर, सोनलची बाही, काकूंनी रफू केलेलं तिथेच पुन्हा टरकलं होतं. आतून हात लाल झाला होता, मिरची लागून. जात्रीबाई म्हणाली, "जळस तठे."

"सुई शे का तुन्हाजोडे?" काकूंनी मला विचारलं. माझ्याकडे सुई नाही असं कधी होत नाही. मी डबी उघडली. खाकी दोऱ्याचं रीळ वरच होतं, ते मी काढून दिलं. काकूंनी ते हातात घेतलं, जरा वेळ बघितलं आणि परत डबीत ठेवलं.

"ती कोनता दोरा वापरे?"

मी लाल रीळ काढून दिलं.

"मी शिवी दिधं ते तिले आवडनं नसी ना?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. "नसतं आवडलं, काकू."

त्यांनी मान हलवली. अंगावरचा कपडा शिवू नये म्हणतात, शिवायचाच तर तोंडात काडी धरतात. काकूंनी गवताची एक काडी उचलून जात्रीबाईला दिली. "तोंडमा धर. बोलू नको." ती शहाण्या पोरीसारखी काडी धरून बसली. काकू तिच्याशेजारी मिरच्यांच्या कडेला बसल्या आणि आयुष्यभर बारीक, दिसणार नाहीत असे टाके घातलेल्या त्या हातांनी लाल दोऱ्याचे मोठे, उघडे टाके घालायला लागल्या.

"आसाच ऱ्हाये का तिना?"

"असाच. थोडा अजून वाकडा."

त्यांनी शेवटचा टाका उसवला आणि वाकडा घातला. तो जरा जास्तच वाकडा झाला. त्यांनी तसाच ठेवला, वाकून दातानं दोरा तोडला, आणि त्या कोपरावर थोडा वेळ गाल टेकला. जात्रीबाई काडी तोंडात धरून तशीच बसून राहिली. हात तिनं हलवला नाही.

काकूंनी सोडल्यावर ती उठली, बाही वर-खाली करून पाहिली, आणि परत आपल्या जागेवर जाऊन देठ खुडायला लागली.

रिक्षाकडे चालताना काकू थांबल्या. "आते हाई भेटी ना वं तिले? वर?"

"भेटेल, काकू," मी म्हणाले. "आता बरोबर भेटेल."